उनाड्याची हाळी

माळावरचा तळ, ता. इंदापूर
१८ नोव्हेंबर २०२३

प्रिय रावजीमामा,

नमस्कार. मामीला माझा नमस्कार तुमच्या आधी सांगा, नाहीतर ती मला कधीच माफ करणार नाही.

फोन करून उपयोग नाही, हे आईने पुन्हा बजावलं. गणपतीत तुमच्या दारात फटाक्यांची आख्खी माळ वाजली आणि तुम्ही विचारलंत, "यंदा फटाके आणले नाहीत वाटतं?" हा किस्सा ती अजून सांगते. म्हणून पत्र. तसंही एकतीस वर्षं तुम्ही लोकांची पत्रं वाटलीत आणि आता आपल्याला कोणी दोन ओळी लिहीत नाही, अशी तुमची तक्रार असतेच.

काम असं आहे. मी इथे लांडग्यांचा अभ्यास करते हे तुम्हाला माहीत आहे, आणि ते तुम्हाला अजून पटलेलं नाही हेही मला माहीत आहे. लांडग्याची पोरं दीड-दोन वर्षांची झाली की त्यांतली काही घर सोडतात. जोडीदार आणि मोकळा मुलूख शोधत एकटीच शंभर-दोनशे किलोमीटर चालतात. आमच्या कळपातला असाच एक नर ऑक्टोबरात निघाला. आम्ही त्याला उनाडा म्हणतो. त्याच्या गळ्यात पट्टा आहे. तो कुठे आहे ते त्या पट्ट्यावरून मला कळायचं. चार नोव्हेंबरला तो ताम्हिणीच्या माथ्यावर होता, त्यानंतर पट्ट्याकडून काहीही आलेलं नाही.

आता गंमत ऐका. तुमच्या शेतात दरवर्षी मेंढ्या बसवणारी सगुणा धनगरीण त्याच वाटेने दोन दिवस आधी घाट उतरली. मला वाटतं, तो तिच्या मेंढ्यांमागे खाली आला.

मामा, तुम्ही माझे डोळे व्हाल का? दिसला तर तारीख, वेळ, जागा आणि काय केलं, एवढं लिहा. ऐकीव नको, अंदाज नको. गावात बोलू नका. आणि वालाच्या शेताभोवती डुकरांसाठी लावता त्या तारेच्या फासक्या आजच्या आज काढा. मागच्या वर्षी मी स्वतः मोजल्या होत्या, सहा आहेत. फासकीला डुक्कर आणि लांडगा यांतला फरक कळत नाही.

तुमची,
प्रणाली


भिरकोंड, ता. माणगाव
२९ नोव्हेंबर २०२३

चि. प्रणाली,

आशीर्वाद. तू पाकिटावर पिनकोड चुकीचा लिहिलास. तरी पत्र पोचलं, कारण आमच्या खात्यात अजून माणसं आहेत.

तुझा उनाडा आला आहे.

२६ नोव्हेंबर, सायंकाळी साडेपाच, आपलं खाडीकडचं मोठं खाचर. भात कापून झालंय, सगुणाने मेंढ्या तिथेच बसवल्यात. पलीकडच्या बांधावर एक पिवळट कुत्रं बसलेलं दिसलं, लांब टांगांचं, पोट खपाटीला गेलेलं. मी दगड उचलला. सगुणा धावत आली आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "दादा, दगूड नगा मारू! त्यो आमच्यासंगंच घाट उतारलाय." मग नीट पाहिलं तर गळ्यात तुझा पट्टा. मी दगड खाली ठेवला. तो एसटीची वाट बघणाऱ्या माणसासारखा तसाच बसून राहिला.

२८ नोव्हेंबर, सकाळी सात, खाजण. खाडीला ओहोटी होती. तो चिखलात उतरला. चार पावलं टाकली की पाय झटकायचा. एक चिंबोरी त्याने पंजाने उलटी पाडली, तिने त्याचं नाक धरलं. त्याने मान अशी काही झटकली की चिंबोरी दहा हात लांब पडली. मग तिकडे जाऊन त्याने ती कवचासकट चावून खाल्ली. मी एकटाच हसत होतो. घाटावरच्या लांडग्याला चिंबोरी खाताना तुझ्या साहेबांनी पाहिलं आहे का, विचार.

गावात बोललो नाही, पण जनीला, तुझ्या मामीला, सांगावं लागलं. ती म्हणाली, "लांडग्याचा कसला अभ्यास? त्या पोरीला काय ठार येड लागलाय." तुला नमस्कार पोचला असं समज.

तू मोजलेल्या सहाच्या सहा फासक्या काढल्या. पडवीत टांगल्या आहेत. निश्चिंत राहा.

तुझा,
रावजीमामा


माळावरचा तळ
९ डिसेंबर २०२३

प्रिय मामा,

तुमचं पत्र मी तळावर मोठ्याने वाचून दाखवलं. चिंबोरीपाशी आमचे सर उठून उभे राहिले. असली नोंद आमच्या एकाही वहीत नाही. ते म्हणाले, "हे तुझे मामा करतात काय?" मी म्हटलं, आयुष्यभर पत्रं पोचवली, एकही उघडलं नाही, एकही दडवलं नाही. सर म्हणाले, मग अशाच माणसाची नोंद हवी.

कुत्रं आणि लांडगा यांत गोंधळ होऊ नये म्हणून सांगते. लांडगा चालताना शेपूट खाली असते, कुत्र्यासारखी वर वळलेली नसते. तो इकडेतिकडे हुंगत भटकत नाही, सरळ रेषेत चालतो, आणि मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशात पडतो. एखादं जनावर मारलं आणि खाऊन उरलं तर तिसऱ्या दिवशी तिथे परत येण्याची शक्यता असते.

आता माझा खरा प्रश्न. लांडगे तोंड वर करून लांब हाळी देतात, ती एकमेकांसाठी असते. मी इथे आहे, तू कुठे आहेस, असं काहीसं. घर सोडून निघालेला एकटा लांडगा मात्र बहुतेक गप्प असतो, कारण परक्या मुलखात ओरडणं म्हणजे तिथल्या लांडग्यांना आपला पत्ता देणं. पण तुमच्या खाडीवर तर दुसरा लांडगाच नाही. उत्तर देणारं कोणी नसताना तो हाळी देतो का? दोन वर्षं मी या एका प्रश्नाभोवती फिरते आहे, मामा. माझा सगळा प्रबंध त्यावर आहे. तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून सगुणाताईला विचाराल?

तुमची,
प्रणाली


भिरकोंड
२४ डिसेंबर २०२३

चि. प्रणाली,

आशीर्वाद. मला आता रोज पाचला बांधावर जाऊन बसायची सवय लागली आहे. जनी म्हणते, "लगनाआधी माझ्यासाठी कवा असा बसला न्हाय." तिला काय सांगू, तेव्हा तिच्या बापाची भीती होती.

१५ डिसेंबर, सायंकाळी पाच, पेंढ्याच्या उडवीजवळ. उनाडा उंदरांवर टपला होता. कान पुढे काढून स्थिर उभा राहायचा, मग चारही पाय एकदम उचलून उडी. सात उड्यांत दोन उंदीर. पाचव्या उडीला पेंढ्यात डोकं अडकलं. बाहेर काढलं तेव्हा कानावर काडी होती आणि ती बराच वेळ तशीच होती.

१९ डिसेंबर, सकाळी साडेसहा. त्याने सगुणाचं एक कोकरू नेलं. मला वाटलं आता सगुणा त्याच्यावर कुत्री सोडणार. ती नुसती उभी राहिली. म्हणाली, "लंगडं हुतं. घाट चढलं नसतं. त्याचा वाटा त्यानं घेतला." तिची कुत्री मात्र दिवसभर आमच्यावरच भुंकत होती, जणू आम्हीच नेलं.

२२ डिसेंबर, सायंकाळी सहा. मी बांधावरून उठून घराकडे निघालो. मागे पाहिलं तर मी बसलो होतो तिथे येऊन तो जमीन हुंगत होता. मग तिथेच बसला. का, ते तुला ठाऊक. मला बरं वाटलं.

हाळीचं सगुणाला विचारलं. ती म्हणते, घाट उतरल्यापासून एकदाही नाही.

दुसरी बातमी वाईट आहे. डुकरांनी दोन खेपांत अर्धा वाल उकरला. जनीने पाठीचा काटा ढिला करून लावलेला वाल. दोन दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. गावातले हसतात, रावजीने भाचीच्या लांडग्यासाठी शेत डुकरांना दिलं म्हणून. असो.

रावजीमामा


माळावरचा तळ
४ जानेवारी २०२४

प्रिय मामा,

तुमच्या जागेवर येऊन बसलेला उनाडा वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे इथे कोणाला सांगायची सोय नाही.

मामीच्या वालाचं फार वाईट वाटलं. नुकसानभरपाईचा अर्ज कसा करायचा ते वेगळ्या कागदावर लिहून पाठवते आहे. पण मामा, हात जोडते, फासक्या परत लावू नका. आणखी दोन-तीन महिने. मेंढ्या परत घाटाकडे निघाल्या की तोही निघेल.

फेब्रुवारीत पुण्यात मला सगळ्यांसमोर काम मांडायचं आहे. त्यात तुमचं नाव घालते आहे. "निरीक्षक: रावजी, निवृत्त पोस्टमन, भिरकोंड."

तुमची,
प्रणाली


भिरकोंड
१४ जानेवारी २०२४, सकाळी आठ

चि. प्रणाली,

आशीर्वाद. उद्या संक्रांत, तिळगूळ घे.

उनाडा आज सकाळी दिसला. बांधावरून चालत होता. शेपूट खाली होती. सरळ रेषेत चालत होता, मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशात पडत होता. तब्येत उत्तम आहे. काळजी नसावी.

जनीने भोगीची भाजी केली आहे. जास्त लिहीत नाही, घाईत आहे.

रावजीमामा


माळावरचा तळ
२५ जानेवारी २०२४

प्रिय मामा,

तिळगूळ पोचला असं समजून खाल्ला. या वेळी पत्र एवढंसंच? सर विचारत होते, या खेपेला काही उड्या नाहीत का?

दहा फेब्रुवारीला पुण्याला जाणार. सगळं तयार आहे, फक्त हाळीची जागा कोरी आहे. ऐकली नसेल तर "नाही" लिहा. नाही हेही उत्तरच असतं. पण एकदा तरी कोणी ऐकली असेल, तर मामा, माझं दोन वर्षांचं काम उभं राहील.

प्रणाली


भिरकोंड
२ फेब्रुवारी २०२४

चि. प्रणाली,

आशीर्वाद. तुला हवं होतं ते मिळालं.

३० जानेवारी, दिवेलागण. उनाडा खाडीपलीकडच्या उंचवट्यावर उभा राहिला आणि त्याने हाळी दिली. लांबलचक, चढत गेलेली. तीन वेळा. मी स्वतः ऐकली. अंगावर काटा आला. कोणाचं उत्तर आलं नाही.

सगुणा मेंढ्या घेऊन म्हसळ्याकडे गेली आहे, त्यामुळे तिला विचारता येणार नाही. उनाडा मात्र इथेच आहे. एक कोकरू मारलं होतं, तिसऱ्या दिवशी तिथे परत आला.

तुझं काम चांगलं होवो. जनीने तुझ्यासाठी बल्लाळेश्वराला नारळ बोलला आहे.

रावजीमामा


माळावरचा तळ
२ मार्च २०२४

रावजीमामा,

पुण्यात दीडशे माणसांसमोर मी तुमचं पत्र वाचलं. "लांबलचक, चढत गेलेली, तीन वेळा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी तुमच्या नावे शाबासकीची चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली, मामांना पाठव म्हणून.

घरी येऊन मी तेच कौतुकाने आईला वाचून दाखवलं. आई आधी हसायला लागली. मग म्हणाली, "खाडीपलीकडची? अगं, रावजीला आपल्या दारातली फटाक्यांची माळ ऐकू येत नाही."

मामा, मला हे सुचलं नाही. मला, जिने फोन न करता पत्र लिहायला घेतलं ते तुम्हाला ऐकू येत नाही म्हणूनच. मला ती हाळी इतकी हवी होती की तुमचे कान मी विसरले.

मग तुमची सगळी पत्रं पुढ्यात घेऊन बसले. डिसेंबरपर्यंतच्या पत्रांत चिंबोरी आहे, पेंढ्याची काडी आहे, मला माहीत नसलेलं प्रत्येक ओळीत काहीतरी आहे. चौदा जानेवारीपासून काहीच नाही. शेपूट खाली, सरळ रेषा, मागचा पाय पुढच्या ठशात, तिसऱ्या दिवशी परत. ही माझी वाक्यं आहेत. मी तुम्हाला लिहून पाठवली आणि तुम्ही ती पाकिटात घालून मला परत पाठवलीत. आणि ते मारलेलं कोकरू कोणाचं, मामा? मेंढ्या तर गेल्या होत्या.

काल सगुणाताईच्या भावाला गाठलं, त्याने तिला फोन लावून दिला. ती म्हणाली, "भोगीपासनं न्हाई दिसला बघ त्यो. म्हनलं फुडं गेला आसंल."

तो कुठे आहे?

प्रणाली


भिरकोंड
१२ मार्च २०२४

चि. प्रणाली,

आशीर्वाद देण्याची लायकी उरली नाही, तरी हात वळणाप्रमाणे लिहून जातो.

उनाडा मेला. माझ्या फासकीत.

तू मोजलेल्या सहा फासक्या मी खरंच काढल्या होत्या. नाल्याकडच्या करवंदीत सातवी होती. ती तू मोजली नव्हतीस, म्हणून मी काढली नाही. सहा म्हणालीस, सहा काढल्या, असं स्वतःशी म्हटलं. पुढे वाल जाऊ लागला, जनी बोलेना, तेव्हाही वाटलं एक राहिली तर काय होतंय. तुला पत्रात "सहाच्या सहा" लिहिताना मी तो शब्द मोजून लिहिला होता. तेव्हा स्वतःच्या हुशारीचं हसू आलं होतं.

चौदा जानेवारीला सकाळी गेलो तर तो फासकीत मरून पडला होता. दुपारी नाल्याच्या काठी पुरला. पट्टा काढून ठेवला. लांडगा मारला तर तुरुंग, हे तूच मला एकदा सांगितलं होतंस. पेन्शन जाईल, नाव जाईल, जनीचं कसं होईल, हे सगळं एकदम डोक्यात आलं. आणि तू काय म्हणशील हे आलं. पण ते शेवटी आलं, हे कबूल करतो.

मग तुझी पत्रं येत राहिली. एक थाप मारली की दुसरी मारावी लागते. तुला हाळी हवी होती. वाटलं, निदान ती तरी देऊ.

पट्टा वेगळ्या पार्सलने पाठवतो आहे. माझ्या जुन्या टपालाच्या थैलीत, तुझ्या पत्रांबरोबर ठेवला होता. धुतला नाही.

रावजी


माळावरचा तळ
२८ मार्च २०२४

पट्टा मिळाला.

तुम्हाला एक माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पट्ट्याचा संदेश पाठवणारा भाग घाटात बिघडला होता, म्हणून मला काही कळत नव्हतं. आतला दुसरा भाग चालूच होता. उनाडा कुठे आहे आणि हालचाल करतोय की नाही, हे पट्टा दर पाच मिनिटांनी स्वतःपाशी लिहून ठेवत होता. तुमच्यासारखाच निरीक्षक. फक्त त्याने काही गाळलं नाही.

चिंबोरी आहे त्यात. २८ नोव्हेंबर, सकाळी सात, खाजण. पेंढ्याची उडवी आहे. २२ डिसेंबरला तुमच्या जागेवर तो चाळीस मिनिटं बसला होता. तुम्ही तेव्हा एक शब्दही खोटा लिहिला नव्हता.

१४ जानेवारी. पहाटे पाच वाजून पाच मिनिटांनी तो नाल्याकडच्या करवंदीपाशी थांबला. तिथून पुढे जागा बदलत नाही, पण हालचाल चालू आहे. सहाला, सातला, आठला. नऊला, दहाला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी हालचाल थांबली.

तुमच्या पत्रावर वेळ आहे. सवय आहे ना तुम्हाला. सकाळी आठ. "तब्येत उत्तम आहे. काळजी नसावी." तुम्ही हे लिहीत होतात तेव्हा तो जिवंत होता. आणखी तीन तास चाळीस मिनिटं जिवंत होता. सगुणाताईचा तळ तिथून हाकेच्या अंतरावर होता. वनखात्याचा नंबर मी तुम्हाला पहिल्याच पत्राच्या मागे लिहून दिला होता.

फासकी राहिली, ते मी एखाद्या दिवशी गिळलं असतं. मेला म्हणून थापा मारल्या, तेही. पण तुम्ही त्याला तसाच सोडून घरी आलात, लोटा घेऊन चूळ भरली असेल, चष्मा शोधला असेल, आणि मला पत्र लिहायला बसलात. कबुली देतानाही तुम्ही मला फसवलंत, मामा. "मरून पडला होता."

सरांना मी सगळं सांगितलं. पुण्यात मांडलेलं परत घेतलं. तुमचं नाव खोडलं. वनखात्याचे लोक तुमच्याकडे येतील, त्यांनाही मीच कळवलं आहे, तुमच्या पाठीमागे काही करायचं नाही, म्हणून इथे लिहिते.

त्या सकाळचं खरं पत्र तुम्ही मला देणं लागता. तारीख, वेळ, जागा, काय पाहिलं. मी शिकवलेलं एकही वाक्य नको.

प्रणाली


भिरकोंड
६ एप्रिल २०२४

१४ जानेवारी २०२४. जागा: वालाच्या शेताची नाल्याकडची बाजू, करवंदीची जाळी.

सकाळी ७.१०. तो उभा होता. तार गळ्यात नव्हती, कमरेत होती. मला बघून ओढायचा थांबला. दात दाखवले नाहीत. ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा बघत राहिला. मी दहा पावलांवर होतो.

७.१५. तारेचं दुसरं टोक करवंदीच्या बुंध्याला होतं. बुंधा मनगटाएवढा. माझ्या हातात कोयता होता. तीन घाव पुरले असते. तार कमरेत तशीच राहिली असती, पण सगुणाने ती सोडवली असती. तिला तारेत अडकलेल्या मेंढ्या सोडवायची सवय आहे.

७.२०. सगुणाच्या तळावरचा धूर दिसत होता. ती चुलीपाशी होती. हात वर केला असता तरी तिने पाहिलं असतं. मी केला नाही. तिने पाहिलं की तुला कळणार, एवढंच डोक्यात होतं. ती गेली की मग काय ते करू, असं ठरवलं.

८.००. घरी येऊन तुला पत्र लिहिलं. चूळ भरली नव्हती. बाकी तू लिहिलंस तसंच.

९.३०. परत गेलो. सगुणा मेंढ्या घेऊन चरायला गेली होती, तळावर कोणी नव्हतं. त्याच्याभोवतीची माती गोल खणली गेली होती. मागचे पाय उचलत नव्हते. पुढच्या दोन पायांवर बसला होता. आता तोडून उपयोग नाही असं मी म्हटलं. उपयोग होता की नव्हता, ते मला माहीत नाही.

९.४५. त्याने तोंड वर केलं. डोळे अर्धे मिटले. तोंड थोडंसंच उघडं होतं, ओठ पुढे आले होते. गळ्याखालची कातडी थरथरत होती. पट्टा हलत होता. असं बराच वेळ. मग तोंड खाली करून त्याने दोन्ही कान घाटाच्या बाजूला वळवले आणि तसाच राहिला. वाट बघत असावा. हे माझं मत आहे, नोंद नाही. मग पुन्हा तोंड वर.

११.०५ पर्यंत असं अकरा वेळा. मी मोजलं. उठून जाता आलं असतं, गेलो नाही. जवळही गेलो नाही.

११.४०. पट्ट्याची वेळ बरोबर आहे.

वनखात्याचे लोक काल येऊन गेले. जागा दाखवली, सातवी फासकी त्यांच्या ताब्यात दिली. कागदावर सही केली. जनीला आता सगळं माहीत आहे. ती कोपऱ्यात बसून आहे.

या नोंदीखाली माझं नाव घाल. हे खोडू नकोस, कारण हे मी पाहिलेलं आहे.

तुझा प्रश्न होता, उत्तर देणारं कोणी नसताना एकटा लांडगा हाळी देतो का. देतो. अकरा वेळा दिली. मी दहा पावलांवर बसलो होतो आणि मला काही ऐकू आलं नाही.

निरीक्षक: रावजी, निवृत्त पोस्टमन, भिरकोंड